दोन गाड्यांची रुजवात

गाडी घरी आली त्या दिवशी भिमाबाईंनी कोणाला नारळ फोडू दिला नाही. "आपल्यात हे नसते," एवढंच म्हणाल्या, आणि लिंबू-मिरची घेऊन आलेल्या शेजारणीला पेढा देऊन वाटेला लावलं. घरात बुद्धवंदना झाली. पांढऱ्याशुभ्र बोनेटवर झेंडूचा हार पडला, मागच्या काचेवर निळ्या अक्षरांत 'जय भीम' लागलं. आणि मग जी रीत हल्ली कोणत्याच घरात चुकत नाही, ती इथंही झाली. पिऊला बोनेटवर बसवलं, चावी तिच्या हातात दिली, आणि तिच्या बापानं, प्रेमानंदनं, जमिनीवर उकिडवं बसून फोटो काढला. पोरीचे लोंबते पाय, आणि त्या दोन पायांच्या मधोमध, अक्षर न् अक्षर वाचता येईल अशी नवीकोरी नंबरप्लेट.

फोटो सगळ्यांच्या स्टेटसला गेला. सारिकाच्या, प्रेमानंदच्या, चिखलीच्या मावशीच्या, पार पुण्याच्या चुलतदिराच्या. पिऊचं खरं नाव प्रेरणा, पण ते फक्त बालवाडीत. साडेतीन वर्षांची, दिवसभर तोंड चालू, आणि झोपताना एक पाय आईच्या पोटावर टाकल्याशिवाय डोळा मिटायचा नाही असा तिचा कायदा.

प्रेमानंद कृषी सहाय्यक. नेमणूक डोणगावला, मेहकर तालुक्यात. आठवडाभर तिथंच खोली करून राहायचा, शनिवारी एसटीनं बुलढाण्याला यायचा. सारिका जिल्हा न्यायालयात, नक्कल विभागात. तिला गाडी चालवता येत नव्हती. त्यामुळे सोमवार ते शुक्रवार गाडी अंगणातल्या टिनाखाली, राखाडी कव्हर पांघरून उभी असायची. भिमाबाई तिच्या सावलीत तूर पाखडत बसायच्या.

"हे वाहन हाय का म्हैस?" त्या सुनेला म्हणायच्या. "नुसतं बांधून ठेवलं, दूध ना शेण."

दिवाळी होऊन थंडी पडली. बुलढाण्याची थंडी घाटावरची, सकाळी हापशाचं लोखंड हाताला चिकटतं अशी. त्या दिवसांत एका सकाळी ऑफिसात छायाताईंनी विषय काढला.

नक्कल विभागात सारिका आणि छायाताई समोरासमोर बसत. निकालाची नक्कल तयार झाली की तिची रुजवात घ्यायची असते. एकीनं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसरीनं नकलेवर बोट ठेवून ऐकायचं. अक्षर चुकलं तर थांबायचं. इतकी वर्षं हे केल्यावर दोघींच्या नजरेतून आकडा सुटत नसे.

"काऊन हो मॅडम, गाडी आली तं ओळख विसरल्या?" छायाताई म्हणाल्या. त्यांचं माहेर उंद्रीचं. "परवा उंद्रीले बाजारात मी एवढा हात केला. तुम्ही पाह्यलं, हसल्या, अन् गेल्या निंगून."

"मी?"

"मंग कोण? गाडी चालवणं शिकल्या अन् पार्टी नाही देल्ली."

"छायाताई, मला सायकल धड येत नाही. परवा मी तुमच्यासमोरच तर बसली होती दुपारपर्यंत."

"मी दुपारून गेल्ती. हाफ डे टाकून." छायाताईंनी डोळे बारीक केले. "नंबर वाचला न मी. मांगं जय भीम, निळ्या अक्षरात. आता तुमच्या गाडीचं भूत असंल तं माहीत नाही बा."

सगळा विभाग हसला. सारिकाही हसली. परवा दुपारी गाडी कव्हराखाली होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पिऊनं त्या कव्हरावर खडूनं मांजर काढलं होतं, आणि संध्याकाळी ते पुसायला सारिकाच बसली होती.

आठवड्याभरानं प्रेमानंदच्या मोबाईलवर चलन आलं. सीटबेल्ट लावला नाही म्हणून. मेहकरच्या पुढं कुठंतरी कॅमेऱ्यानं टिपलेली पांढरी गाडी, त्यांचाच नंबर. प्रेमानंद शांत डोक्याचा माणूस. बोंडअळीपासून गारपिटीपर्यंत सगळ्याचा पंचनामा करून घट्ट झालेला.

"क्लोन केली कोणी तरी," तो म्हणाला. "फोटोतून नंबर उचलायचा, तशीच प्लेट बनवायची, तशाच गाडीला लावायची. गुन्हे ते करणार, चलन आपल्याला. चोरीचे धंदे आहेत, दुसरं काही नाही."

सारिकानं फोटो मोठा करून पाहिला. काचेवर ऊन पडलं होतं, चालवणारीचा चेहरा त्यात विरघळून गेला होता. बाई होती एवढं नक्की. मान किंचित डावीकडं कललेली. पिऊला सतत त्याच खांद्यावर घेऊन घेऊन सारिकाचीही मान तशीच कलती झाली होती. प्रेमानंद तिला त्यावरून चिडवायचा. आत्ता मात्र त्यानं फोटो बंद केला.

ठाण्यात हवालदार शालिग्राम भेटले. मिशीवर चहा लागलेला, खाकीवर स्वेटर. त्यांनी तक्रार लिहून घेतली आणि मग, जसा डॉक्टर पथ्य सांगतो तसं, एकेक सांगत गेले.

"पह्यले ते फोटो काढून टाका सारे. लोकं लेकरापेक्षा प्लेटीचाच फोटो जास्त काढतात. प्लेटीचे रिबिट पाहात जा, कोणी हात लावला तं कळते. गाडी कुठं उभी असते त्याचा पुरावा ठेवा. अन् मॅडम, एक काम करा. गाडीत एक खूण करून ठेवा. कुठं, कशी, मलेबी सांगू नका. उद्या दोन गाड्या समोरासमोर उभ्या राह्यल्या, तं आपली कोणती हे छातीवर हात ठेवून सांगता आलं पाह्यजे."

सारिका घरी येईपर्यंत खुणेचाच विचार करत होती. ओरखडा कोणीही मारू शकतं. स्टिकर बाजारात मिळतं. मग तिला आपल्याच कामातलं सुचलं. नकलेत सगळं उतरतं, मजकूर, तारीख, शिक्का. पण अंगठा उतरत नाही. मूळ कागदावर अंगठा असला की नकलेत फक्त लिहायचं असतं, निशाणी डाव्या हाताचा अंगठा. अंगठ्याची नक्कल होत नसते.

तिनं ऑफिसातलं जुनं शाईपॅड आणलं. रविवारी सकाळी, प्रेमानंद आंघोळीला गेला असताना, गाडीचं मागचं दार उघडलं. बिजागरीपाशी आतल्या पांढऱ्या पत्र्यावर कोणाची नजर जात नाही अशी जागा होती. पिऊला मांडीवर घेतलं, तिचा डावा अंगठा जांभळ्या शाईत टेकवला आणि हळूच पत्र्यावर उमटवला.

"गुदगुल्या!" पिऊ खिदळली. "आणखी एक, आई. आणखी एक न."

"एकच असतो, बेटा."

हरभऱ्याच्या डाळीएवढा ठसा. मधोमध भोवरा, डावीकडं एक रेघ तुटलेली. सारिकाला तो इतका गोड वाटला, की तिनं वाकून त्यावर फुंकर घातली. मग वरून नखाला लावायचं पारदर्शक पॉलिश फिरवलं. मागं वळली तर भिमाबाई सुपासकट उभ्या.

"काय लावलं ते?"

सारिकानं सांगितलं. भिमाबाईंनी सूप खाली ठेवलं. ह्या बाईनं चाळिशी उलटल्यावर, रात्रीच्या वर्गाला जाऊन, सही शिकली होती. बँकेत कारकून पॅड पुढं करायचा तेव्हा त्या पेन मागायच्या.

"लेकराचा अंगठा देला?"

"गाडीवर लावला, आत्याबाई. कागदावर नाही. खूण म्हणून."

"माह्या बापानं मुकादमाच्या कागदावर लावला होता. मी एवढीशी होती, पिऊवढी. ट्रकीत बसला अन् गेला. मांगून लोकं सांगत, तिकडं दिसला, इकडं दिसला. घरी काही आला नाही." त्या पिऊच्या अंगठ्यावरची शाई पदरानं पुसायला लागल्या. शाई सुकली होती. "अंगठा जिथं लागते, माणूस तिथलं होते. पुस ते."

सारिकाला वाईट वाटलं, पण म्हातारीच्या मनातली जुनी ठसठस म्हणून तिनं ती गोष्ट सोडून दिली. खरं तर दुपारी तिनं एकदा ओला फडका घेऊन पाहिला होता. पॉलिशखालचा ठसा निघाला नाही.

त्यानंतरही गाडी दिसायची थांबली नाही. फरक एवढाच पडला की आता लोक वेगळं सांगू लागले.

"काल चिखली नाक्यावर पाह्यलं तुमाले," दूधवाला म्हणाला. "पोरगी मांगं उभी राहून काच थापटत होती. बसवत जा तिले, ब्रेक लागला तं पडंल."

काल पिऊ तापानं फणफणली होती. दिवसभर सारिकाच्या कुशीतून हलली नव्हती.

बुधवारी प्रेमानंदचा डोणगावहून फोन आला. आवाज हळू, जसा कोणी ऐकेल म्हणून.

"तू आज इकडं आली होतीस का?"

"मी ऑफिसात आहे. काय झालं?"

"काही नाही. समोरचा चहावाला म्हणे, वहिनी आल्या होत्या. गाडी माझ्या ऑफिससमोर उभी केली. पोरीसाठी बिस्किटं घेतली. मी त्याला म्हटलं, मला काऊन नाही बोलावलं? तर म्हणे, मी विचारलं, साहेबाला बोलवू का? तर त्या म्हणे, नको. पाहून घेतलं."

फोन ठेवला तरी सारिकाच्या कानात ते दोन शब्द राहिले. पाहून घेतलं. ती अर्धी रजा टाकून घरी आली. पिऊ अंगणात, कव्हर घातलेल्या गाडीला टेकून भातुकली मांडून बसली होती. सारिकानं तिला उचललं, चेहरा, हात, पाय सगळं चाचपलं, गळ्याशी नाक नेलं. खोबरेल तेल, घाम आणि थोडा मातीचा वास. हाच. हाच तो वास.

"पिऊ, भूक लागली? वरण-भात कालवू?"

"नको."

"काऊन नको?"

"बिस्किट खाल्लं न मी."

भिमाबाई उंबऱ्यातून म्हणाल्या, "घरात बिस्किट नाही, सारिका."

त्या दिवसापासून सारिकानं पिऊला नजरेआड केलं नाही. बालवाडी बंद केली. रजेचा अर्ज टाकला. पोरीचा पाय रात्री पोटावर पडला की तिच्या घोट्याभोवती बोटं गुंफून झोपायची. प्रेमानंदही रजा घेऊन आला. दोघं एकमेकांशी क्लोनबद्दलच बोलत. टोळी असेल, जालन्याकडची असेल, गाडीतून काही माल नेत असतील. चोरांबद्दल बोललं की बरं वाटायचं.

शालिग्रामांचा फोन आला तो दुपारी. "सापडली, साहेब. उंद्रीच्या रोडनं एका तुरीच्या वावरापाशी उभी होती. चावी आतच. माणूस कोणी नाही. तुमची घेऊन या, दोन्ही पाहून घेऊ."

भिमाबाईही सोबत आल्या. पिऊला घरी ठेवायचा प्रश्नच नव्हता.

ठाण्याच्या आवारात कडुनिंबाखाली ती उभी होती. प्रेमानंदनं आपली गाडी तिच्या शेजारी लावली, सगळे उतरले, त्यानं चावीचं बटण दाबून कुलूप लावलं. दोन पांढऱ्या गाड्या. सारिकाच्या कडेवर पिऊ होती, अंगठा चोखत, एरवी दोन मिनिटं गप्प न बसणारी पोरगी अगदी गप्प.

"होऊ द्या," शालिग्राम म्हणाले. "चॅसी नंबर पाहू. प्लेट बदलता येते, चॅसी कंपनीतूनच पडते."

त्यांनी दोन्ही गाड्यांचं बोनेट उघडलं, फडक्यानं पुसलं, मोबाईलचा उजेड पाडला. प्रेमानंदनं आपल्या गाडीचा नंबर मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. शालिग्राम दुसऱ्या गाडीवर बोट ठेवून ऐकत होते. सारिका पाहत राहिली. आपण रोज करतो तीच रुजवात. आता कुठंतरी बोट थांबेल, आता थांबेल.

बोट थांबलं नाही. शेवटचा आकडा झाला तरी शालिग्राम वाकलेलेच होते.

"पुन्हा वाचा," ते म्हणाले.

पुन्हा वाचला. इंजिन नंबरही वाचला. मग शालिग्रामांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि सारिकाकडं न पाहता म्हणाले, "मॅडम, ते खुणेचं मी बोललो होतो. केली होती का?"

सारिका दुसऱ्या गाडीच्या मागच्या दाराशी गेली. दार उघडं होतं. आत नव्या गाडीचा वास, आणि त्याखाली खोबरेल तेलाचा. तिनं बिजागरीपाशी वाकून पाहिलं.

जांभळा ठसा. मधोमध भोवरा. डावीकडं एक रेघ तुटलेली. वरून पॉलिशची चमक.

"सारिका, राहू दे," मागून भिमाबाई म्हणाल्या. "चल येथून."

पण सारिकाच्या हातांना सवय होती. मूळ समोर असताना ताडून पाहिल्याशिवाय ते मागं हटत नसत. तिनं पिऊला कडेवरून काढलं, त्या गाडीच्या सीटवर बसवलं, तिचा डावा हात धरला आणि अंगठा ठशाशेजारी नेला. डोळ्यांत पाणी होतं म्हणून नीट दिसेना. तिनं हात सोडून डोळे पुसले.

टक टक.

काचेवर कोणी बोट आपटावं तसा आवाज. मागून.

ती वळली. त्यांच्या गाडीच्या मागच्या काचेशी, आतून, पिऊ उभी होती. दोन्ही तळवे काचेला चिकटवून.

सारिकानं पुन्हा समोर पाहिलं. सीट रिकामी होती.

"पिऊ!"

ती धावली. दार ओढलं. उघडेना. प्रेमानंदनं चावीचं बटण दाबलं, कुलूप सुटल्याचा आवाज झाला, आणि तिनं पोरीला ओढून छातीशी धरलं.

"लॉक होती न गाडी?" शालिग्राम म्हणाले.

"नसंल लागलं," प्रेमानंद म्हणाला. "उतरून पळाली असंल. चपळ आहे ती."

"हाव. लेकरं चपळ असतात."

पिऊला उतरताना कोणी पाहिलं नव्हतं. तिकडच्या दारानं उतरली असेल. पळत चक्कर मारून आली असेल. भिमाबाई त्या दुसऱ्या गाडीच्या उघड्या दाराकडं पाहत होत्या, आणि त्यांचा पदर तोंडाशी होता.

प्रेमानंदनं कागदावर सही केली. चौघं घरी आली. पिऊ वाटेत झोपली.

संध्याकाळी सारिकानं तिला चुलीवरच्या गरम पाण्यानं आंघोळ घातली. एकेक अवयव सावकाश चोळला. मानेवरचा तीळ, दंडावरची लसीची खूण, पुढचा किंचित वाकडा दात. सगळं जिथल्या तिथं. कालपर्यंत गुडघ्यावर असलेली खपली तेवढी दिसेना. वाळून पडली असेल. पिऊनं आज वरण-भात मागून खाल्ला, एकही शीत सांडलं नाही. झोपली तेव्हा भिंतीकडं तोंड केलं. सारिकानं तिचा पाय हळूच उचलून आपल्या पोटावर ठेवला. थोड्या वेळानं तो पाय अलगद मागं गेला.

दमली असेल, सारिकानं स्वतःला सांगितलं. दमलंय लेकरू.

सकाळी अंगणात कोवळं ऊन आलं होतं. प्रेमानंद दूध आणायला गेला होता. सारिका पिऊला पुढ्यात घेऊन तिचे केस विंचरत होती तेव्हा फोन वाजला. शालिग्राम.

"मॅडम, जय भीम. ते कागद अर्धेच राह्यले. साहेबाले पाठवता का जरा? गाडी नेली ते बरंच केलं म्हना, पन पावतीवर सही पाह्यजे."

"कोणती गाडी?"

"ती दुसरी. काल सांजच्याले तुम्हीच तं आल्या न नेयाले. मी म्हनलं, पंचनामा व्हायचा आहे. तुम्ही म्हनल्या, आमचीच हाय. मी अडवलं असतं. पन पोरगी मांगं लय रडत होती हो. आई आई करून नुसता हंबरडा. म्हनलं जाऊ द्या, लेकरू घाबरलं."

फोन सारिकाच्या मांडीवर घसरला. त्यातून शालिग्राम "हॅलो, हॅलो" करत राहिले आणि बंद झाले. तिचा दुसरा हात अजून केसांत होता. मऊ केस, तेल लावलेले, मधोमध सरळ भांग.

पोरीनं मान वळवली. बराच वेळ तिच्या तोंडाकडं पाहिलं, कपाळ, डोळे, हनुवटी, एकेक करून, घाई न करता.

"तू सेम माह्या आईसारखी दिसतं," ती म्हणाली.

सारिकाच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"रडू नको," पोरगी म्हणाली, आणि परक्याच्या घरी पाहुणं गेलेलं शहाणं लेकरू जसं करतं तसं, तिच्या गालावरून हात फिरवला. "तुही पोरगी बी येईल."